कापून टाकलेली हाळी

मांजरसुंब्याच्या चौकात सीताफळांच्या पाट्या लागल्या, की बसमधली खिडकीची जागा मी आपणहून दुसऱ्याला देते. बस पुरती थांबायच्या आत बाया पाटी वर धरतात, "घ्या की ताई, डोळे उघडलेत बघा" म्हणतात, आणि तो पिकलेला, जड, गोड वास आत शिरतो. लोकांना सीताफळ म्हटलं की डोंगर आठवतो, आजोळ आठवतं. मला हार्ड डिस्क आठवते. शाळेतल्या माझ्या सोबतच्या बायका यावर हसतात. मीही हसते, पण खिडकीत बसत नाही.

बीडच्या एका शाळेत मी मुलांना संगणक शिकवते आणि रोज नेकनूरच्या बसने घरी येते. आमची वस्ती नेकनूरच्या अलीकडे, हमरस्त्याला चिकटून आहे. रस्त्याच्या या बाजूला घर आणि मेंढरांचं वाडगं, पलीकडे डोंगर आणि चराई. घरातल्या पुढच्या खोलीत अजून तो जुना संगणक आहे, मागे पोट सुटलेल्या मॉनिटरचा. त्याच्यावर मायचं जुनं लुगडं टाकलेलं असतं. भंगारवाला दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी माझ्याकडून बोलून घेतो.

या संगणकावर एक सॉफ्टवेअर होतं. होतं कशाला, आहे. एकाच्या पोटात सगळं, अशा जातीचं. उघडलं की पडद्यावर सहा रंगीत चौकोन यायचे. एकात फोटो, एकात व्हिडिओ, एकात आवाज, एकात गाणी, एकात डिस्क भरायची सोय आणि सहाव्यात काय होतं ते मला आजवर धड कळलेलं नाही. तेव्हा मी नुकता संगणकाचा कोर्स केलेला, नोकरी नव्हती, आणि लग्नाला नको म्हणून बसलेली. आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, सत्कार असं सगळं माझ्याकडे यायचं. नवरीच्या कपाळावर पसरलेलं कुंकू पुसायचं, मामाने धरलेला हलता कॅमेरा सावरायचा, वर गाणं टाकायचं, डिस्कवर गुलाबाचं चित्र छापून द्यायचं. आणि आवाज साफ करायचा. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांपेक्षा जनरेटर मोठ्याने म्हणतो. तो घरघराट काढून भटजींचा आवाज वर आणायचा, यात माझा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मला त्याची घमेंड होती, हे आधीच सांगून टाकते.

आमचा खरा मालक मात्र वीज होती. ती वेळापत्रकाने जायची आणि वेळापत्रक मोडूनही जायची. संगणकाखालचा यूपीएस चार मिनिटं कोकलायचा आणि मरायचा. त्यामुळे अर्धवट कामाचा चौकोन पुन्हा उघडला की सॉफ्टवेअर इंग्रजीत एक प्रश्न विचारायचं. गेल्या वेळचं काम अर्धवट राहिलं होतं, ते परत आणायचं का? हो किंवा नाही. शहरातल्या माणसाला हा प्रश्न वर्षातून एकदा पडत असेल, आम्हाला दिवसातून दोनदा. 'हो' म्हटलं तर अर्धा तास जायचा आणि हाती यायचं ते तुटकं. तेवढ्यात काम नव्याने उरकायचं. म्हणून मी प्रश्न वाचायचेच नाही. तो येतोय एवढं दिसलं की बोट आपोआप 'नाही'वर. बीडमध्ये माझ्यासोबत शिकलेल्या सगळ्यांची बोटं अशीच तयार झाली होती.

माय या संगणकाला पेटी म्हणायची. "कावून गं शितले, ही पेटी सारकी मरती कावून? चारा न्हाई का तिला?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता वाडग्याकडे जायची.

मायला घरात कोणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाज मेंढरांसाठी राखून ठेवलेला होता. माझ्या वडिलांचा, आबांचा, गुडघा गेल्यापासून कळप तिनेच सांभाळला. रोज सकाळी आणि दिवस कलताना साठ-सत्तर मेंढरं हमरस्ता ओलांडायची. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, ट्रॅव्हल्स, सगळं घाटाच्या उतारावरून सुटून आलेलं. माय रस्त्याच्या कडेला उभी राहायची, दोन्ही बाजूंना बघायची आणि एकदाच हाळी द्यायची, "याऽऽ ये ये ये याऽऽ." कळप एका दमात पलीकडे. मधेच गाडी दिसली तर "ठिर्रर्र". तेवढ्यावर सत्तर मेंढरं जागच्या जागी. हे मी लहानपणापासून बघत आले, म्हणून मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

त्या साली श्रावणात मायचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. दसऱ्याला तो घोगरा झाला तो झालाच. बीडच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, पुढच्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. मी म्हटलं, तिच्यासमोरच सांगा. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "मावशी, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज मात्र राहणार नाही." दिवाळीनंतरची तारीख मिळाली. हातात नऊ दिवस होते.

परत येताना मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. मायने दोन सीताफळं घेतली. फलाटाच्या कठड्यावर बसून एक फोडलं, एकेक बी तळहातावर काढत हळूहळू खाल्लं. मग म्हणाली, "मंग मेंढरांला हाळी कोन देनार?"

मला राग आला. जीवावर बेतलंय आणि हिला मेंढरं सुचतायत. "ते बघू गं," असं काहीतरी मी बोलले. तिने दुसरं सीताफळ फोडलं नाही, पदरात बांधून आबांसाठी आणलं.

ते नऊ दिवस मी कसे काढले हे आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी ठरवलं, मायचा आवाज जपून ठेवायचा. मायला पेटीसमोर बसवलं, लग्नाचा माईक स्टुलावर उभा केला आणि म्हटलं, म्हण. दळताना म्हणायची त्या ओव्या म्हण, माझ्या बारशाचा पाळणा म्हण, खंडोबाचं म्हण. तिने म्हटलं. घोगऱ्या आवाजात, मधे मधे पाण्याचा घोट घेत. घोगरेपणा काढायचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. असतं तर मी तेही दाबलं असतं.

पण खिडकी वाडग्याकडे उघडी आणि माय मायच. ओवीच्या मधे मान वळवून हाळी द्यायची. एखादी मेंढी कुंपणाकडे सरकली की "ठिर्रर्र". परत ओवी. परत थांबून मला, "शितले, भाकर खाल्ली का?"

"माय, ते सगळं आत येतंय गं. मधे बोलू नको."

"येऊ दे की. म्या काय खोटं बोलती का?"

मी मान हलवायचे आणि ती उठून गेली की कापायला बसायचे. पडद्यावर आवाजाची रेघ दिसायची. ओव्या म्हणजे लहानशा टेकड्यांची रांग आणि हाळी म्हणजे मधेच उभा राहिलेला खांब. खांब दिसला की कापला. 'भाकर खाल्ली का' कापलं. मागचं बें बें पुसलं. रोजचं रोज साफ करून ठेवायचं आणि मूळ रेकॉर्डिंग काढून टाकायचं, कारण लग्नांनी हार्ड डिस्क गच्च भरलेली. आठ दिवसांचे आठ तुकडे झाले, ऐकत राहावेसे स्वच्छ. नवव्या दिवशीचं कापणं संपलं, साफसफाई अर्ध्यावर आली, आणि काहीही साठवायच्या आत वीज गेली. यूपीएस कोकलला, मेला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी मनाशी म्हटलं, आठ आहेत की.

दवाखान्यात तीन आठवडे. त्याबद्दल फार लिहवत नाही. माय घरी आली तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर पातळ पांढरं फडकं. श्वास तिथून. नाकाने ना वास, तोंडाने ना शब्द. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पाटी-पेन्सिलचाही उपयोग नव्हता. हंगामातली शेवटची सीताफळं होती. आबा ओट्यावर बसून एकेक बी काढायचे, गर वाटीत जमवायचे आणि वाटी तिच्या पुढ्यात सरकवायचे. आबांनी आयुष्यात तिला पाण्याचा तांब्या दिलेला मी पाहिला नव्हता.

आणि मेंढरं. तीन आठवडे चुलत्याने त्यांना वाडग्यातच चारा टाकला होता. आबा काठी टेकत त्यांना काढायला गेले, हाळी दिली. मेंढरांनी माना वर केल्या, बघितलं आणि पुन्हा खाली घातल्या. मी हाळी दिली तर तेवढंही नाही. चार दिवस काठ्या आपटून, टाळ्या वाजवून, कसाबसा कळप रस्त्यापलीकडे नेला आणला. पाचव्या दिवशी, दिवस कलताना, कळप रस्त्याच्या मध्यावर फुटला. निम्मी मेंढरं अलीकडे, निम्मी पलीकडे आणि घाटाच्या बाजूने उसाचा ट्रक येताना दिसत होता. आबा मधे शिरले, गुडघा वळला, डांबरावर पडले. माय अलीकडच्या कडेला होती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली. मी तिच्या शेजारी होते. तोंड पूर्ण उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि गळ्यावरच्या फडक्यातून फक्त हवा सुटल्याचा आवाज.

ट्रकवाल्याने ब्रेक लावला. आबांपासून चार हातांवर ट्रक थांबला. एक कोकरू चाकाखाली गेलं. ड्रायव्हर खाली उतरून आबांना उठवत म्हणाला, "काका, मेंढरं आयकत न्हाईत तर रस्त्यावर आणता कावून?" आबांनी काठी उचलली.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "येत्या बाजारी इकून टाकू. लई झालं."

माय वाडग्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी वाटीतला गरही तिने खाल्ला नाही. डॉक्टरांनी माझ्या मायचा जीव वाचवला होता आणि आता तो आमच्या डोळ्यांदेखत चालला होता, हे आबांना आणि मला दोघांनाही दिसत होतं. कळप गेला असता तर ती फार दिवस राहिली नसती. हे मी तेव्हाही जाणत होते.

बाजाराच्या दिवशी सकाळीच व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. तो येण्याआधी मी तिचं मन रमावं म्हणून संगणक सुरू केला आणि गाण्यांच्या चौकोनातून तिच्याच ओव्या लावल्या. ती ऐकत राहिली. मग तिने हात हलवला, हे नाही. मी पाळणा लावला. हे नाही. खंडोबाचं लावलं. तिने टेबलावर थाप मारली, उठली, खिडकीशी गेली, वाडग्याकडे बोट केलं आणि हात हवेत उंच नेऊन पुढे सोडला. हाळी देताना ती हात असा सोडायची. मग पेटीकडे बोट. पुन्हा हात.

मला कळलं. तिला तिची हाळी हवी होती. ती मी कापली होती. आठ दिवसांत पंचवीस-तीस वेळा तरी दिलेली हाळी, एकेक शोधून, नीट निवडून, कचरा म्हणून काढली होती. ओव्या तर वस्तीवरच्या कोणत्याही बाईला येत होत्या. हाळी तिच्या एकटीची होती. मांजरसुंब्याच्या कठड्यावर तिने मला हेच विचारलं होतं आणि मी तिला ते बघू म्हटलं होतं.

मी सगळे आठ तुकडे उलटसुलट तपासले. एखादं 'याऽऽ' तरी चुकून राहिलं असेल. नव्हतं. माझं काम चोख होतं. अकराला वीज जायची होती आणि साडेदहा होत आले होते. बाहेर टेम्पोचा आवाज आला. काहीतरी करायचं म्हणून मी आवाजाचा चौकोन उघडला. दवाखान्यानंतर तो पहिल्यांदाच उघडत होते.

प्रश्न आला आणि माझं बोट शिकल्याप्रमाणे 'नाही'वर गेलं. दाबलंही गेलं. दाबलं आणि त्याच क्षणी डोक्यात उजेड पडला, नववा दिवस. माऊसचं बटण दाबलेलं असतं तोवर काही होत नाही, बोट उचललं की होतं. बोट मी उचललं नाही. दाबून धरलं. तळहाताला घाम सुटला होता आणि माऊस निसटत होता. तसाच दाबलेला, बाण हळूहळू 'नाही'वरून बाजूला ओढला, मोकळ्या जागेत आणला आणि मग सोडला. प्रश्न तिथेच होता. मी 'हो' दाबलं.

पट्टी सरकायला लागली. "आबा, टेम्पोवाल्याला थांबायला सांगा."

"कावून?"

"सांगते ना. थांबवा फक्त."

पट्टी सरकत होती असं म्हणायचं फक्त. ती निम्म्यावर जाऊन बसली. माय माझ्या खुर्चीमागे उभी, तिचा श्वास माझ्या मानेवर. वरचा दिवा एकदा पिवळा झाला, पुन्हा नीट झाला. मी आयुष्यात देवाला काही मागितलं असेल तर त्या पाऊण तासात महावितरणकडे मागितलं. अकरा वाजले. वीज गेली नाही. सवा अकराला पट्टी भरली आणि पडद्यावर रेघ उमटली. टेकड्या, टेकड्या, आणि मधे सरळ उभे खांब, एक, दोन, तीन, चार. नवव्या दिवशी कापलेलं सगळं जागच्या जागी, कारण कापणं साठवलंच गेलं नव्हतं आणि परत आलं ते मूळ रेकॉर्डिंग. मी आधी ते तीन ठिकाणी साठवून ठेवलं. मग लग्नाचे मोठे स्पीकर खिडकीत ठेवले, तोंडं वाडग्याकडे केली आणि पहिल्या खांबावर बाण नेला.

"याऽऽ ये ये ये याऽऽ."

घोगरा, फाटलेला, मायचा. वाडग्यात हालचाल थांबली. कळपाच्या पुढे असायची ती काळी मेंढी, तिने मान उचलली. मग एकदम सगळ्या. मग खिडकीच्या भिंतीशी एकमेकींवर चढत सत्तर मेंढरं, आणि व्यापारी टेम्पोच्या दारात तोंड उघडं टाकून.

रेकॉर्डिंग पुढे चाललंच होतं, मी ते थांबवायचं विसरले होते. स्पीकरमधून माझ्या मागून आल्यासारखा आवाज आला, "शितले, भाकर खाल्ली का? आदी खा, मंग ती पेटी बडव."

"खाते गं," मी म्हणाले आणि मागे वळले.

माय मागे उभी होती. तोंड बंद. गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग चुलीकडे बोट केलं. त्या दिवशी मी खरंच काही खाल्लेलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, इतकी की आबा आत येऊन परत बाहेर गेले. बाहेर ते व्यापाऱ्याला सांगत होते, "जावा तुमी. आज न्हाई इकायची. उद्याबी न्हाई." मग वीज गेली.

नंतर मी त्या चार हाळ्या आणि दोन 'ठिर्रर्र' वेगळ्या करून एका छोट्या मेमरी कार्डच्या स्पीकरमध्ये घातल्या. माय तो कनवटीला बांधायची. दोन बटणं, एक हाळीचं आणि एक 'ठिर्रर्र'चं, तिला अंगठ्याने ओळखू यायची. ट्रकवाले तिला बघून हॉर्न न वाजवता थांबायला लागले होते. पुढे सहा वर्षं तिने कळप रस्त्यापार नेला. त्या काळात जन्मलेल्या कोकरांनी तिचा गळ्यातला आवाज कधी ऐकलाच नव्हता, त्यांच्यासाठी हीच माय होती. मला शाळेत नोकरी लागल्यावर एकदा स्पीकरची बॅटरी संपली, तेव्हा ती भर उन्हात बस धरून बीडला माझ्या शाळेपर्यंत आली आणि तो माझ्या टेबलावर आपटून उभी राहिली. न बोलता एवढं रागावता येतं हे मला तेव्हा कळलं.

आता माय नाही. ती गेली तेव्हाही सीताफळांचेच दिवस होते. कळप चुलत्याकडे आहे, आबा दिवसभर ओट्यावर असतात. मी मुलांना आवाजाचं काम शिकवते तेव्हा कचरा काढायचं बटण शेवटच्या दिवशी दाखवते. आधी त्यांना म्हणते, ऐका, काय काय येतंय ते सगळं नुसतं ऐका. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

हाळ्या माझ्या फोनमध्ये आहेत, आबांच्या फोनमध्ये आहेत, आणखी दोन-चार जागी आहेत. हरवायची भीती उरलेली नाही. तरीही दरवर्षी या दिवसांत एका रविवारी मी मॉनिटरवरचं लुगडं काढते. संगणक कण्हत कुथत सुरू होतो. सहा चौकोन येतात. मी आवाजाचा उघडते आणि तो जुना प्रश्न येतो, गेल्या वेळचं काम अर्धवट राहिलं होतं, ते परत आणायचं का? मी 'हो' म्हणते आणि पट्टी भरेपर्यंत बसून राहते. मग सगळं ऐकते, ओव्या, बें बें, हाळी, भाकर खाल्ली का. आबा ओट्यावरून आत बघत नाहीत, पण त्यांच्या काठीची टकटक थांबते.

ऐकून झालं की सॉफ्टवेअर मी नीट बंद करत नाही. आता वीज सहसा जात नाही. म्हणून मी स्वतः खाली वाकते आणि भिंतीतली वायर ओढते, म्हणजे पुढच्या वर्षी ते मला पुन्हा विचारेल.